धार तुटल्यानंतरची बारा मिनिटं

हॅलो? … हां, आत्या, एक मिनिट. मोजतेय. … सोळा, सतरा, अठरा. … हां. हँगर अठरा. चादरींच्या रिकाम्या पिशव्या चार. छत्री एक, मोडकी. चप्पल एक. … नाही, जोड नाही, एकच. डाव्या पायाची. … अगं, मला काय माहीत कुणाची! तुझ्या ड्रायव्हरला विचार. घरी लंगडत गेला असेल.

… तुझीच गाडी. पाच नंबरची. … हो, दुपारीच आली सर्व्हिसिंगला. गाडीला हात लावायच्या आधी आत काय काय आहे ते लिहून घ्यायचं, ही बाबांची पद्धत. नंतर कुणी म्हणायला नको, माझा अठरावा हँगर तुमच्याच गॅरेजमध्ये राहिला. … तू म्हणणार नाहीस? आत्या, पहिली तूच म्हणशील!

… बाबा बरे आहेत. … हो, पाठीला पट्टा. अजून तीन आठवडे वाकायचं नाही, उचलायचं नाही. … करतात काय, खिडकीत बसून रस्त्यावरच्या गाड्यांचे आवाज ऐकतात आणि कुणाचा सायलेन्सर गेलाय ते आईला सांगतात. … आईने काल खिडकी लावून घेतली.

… हां. … हां, बोल ना. … अगं बोल, मी ऐकतेय.

… कोण? तो काचेवाला? पेट्रोलपंपाशेजारचं नवं सर्व्हिस सेंटर? … बसायला सोफा आहे, तेच ना? … साडेसहाशे. … म्हणजे मजुरी साडेसहाशे. तेल, फिल्टर वेगळं. … आणि आपली बाराशे. … माहीत आहे मला. फळ्यावर लिहिलंय, बाबांच्या अक्षरात. समोरच दिसतंय.

… पाचही गाड्या? … वर्षाचा करार? … आज? … चार वाजता त्याचा माणूस कागद घेऊन येणार. आत्ता तीनला पाच कमी आहेत आणि तू मला आत्ता सांगतेयस.

… नाही, चिडले नाही. … नाही गं. आवाजच तसा आहे माझा, तुझ्यावर गेलाय.

अगं ऐक ना… ऐक. हो, हो. लाँड्रीचं कळलंय मला. … हॉस्पिटलवाल्यांनी स्वतःची मशीनं घेतली, तुझ्या निम्म्या चादरी गेल्या. … तुला हात आखडता घ्यायलाच हवा, त्यात तुझी काहीच चूक नाही. पण माझंही ऐक. दर महिन्याला येणार म्हणजे येणार, असं आमच्याकडे एकच काम आहे, ते तुझ्या गाड्यांचं. बाकीचे येतील तेव्हा येतात. मिस्त्रीकाकांचा पगार तुझ्या गाड्यांतून निघतो. … धाक नाही घालत. माहिती देतेय.

… मग मला एवढंच सांग. दर जास्त आहे म्हणून जातेयस, की गैर आहे म्हणून? … फरक आहे. … आहे, आत्या! तुला परवडत नसेल तर माझा इलाज नाही. पण आमचा आकडाच चुकीचा असेल तर तो मी दुरुस्त करू शकते.

… नको, सूट नकोच. तू बहीण म्हणून मागू नकोस, मी भाची म्हणून देणार नाही. दर रास्त आहे की नाही, तेवढंच बघू.

… ते मी आधीच केलंय. … मागच्या आठवड्यात. सात गॅरेजांना फोन केले, गिऱ्हाईक बनून. … आवाज बदलून! … हसू नकोस. तुझ्यासारखीच गाडी, साधी सर्व्हिसिंग, मजुरी किती? … सगळ्यात कमी पाचशे, सगळ्यात जास्त एकोणीसशे. ओळीने लावले तर बरोबर मधला आकडा अकराशे. … हो, आपण शंभराने वर. मी कुठे नाही म्हणतेय? वरच आहोत. … एकाने ओळखलं ना! मी अगदी म्हाताऱ्या बाईच्या आवाजात विचारत होते. सगळं नीट सांगितलं त्याने आणि शेवटी म्हणाला, "बाबांची पाठ कशी आहे आता?"

… हो, सोफ्याचा खर्च कुणाच्या तरी खिशातून जाणारच. … मऊ असेल. … थांब. तो मऊ आहे हे तुला कसं माहीत?

… आत्या. तू त्या सोफ्यावर बसली होतीस? … कुठली गाडी? … दोन नंबर. … सोमवारी. आणि मला म्हणालीस की तिचे अजून किलोमीटर भरले नाहीत. … बरं, बरं. जाऊ दे. शपथा नकोत. बिल आहे हाताशी? … चष्मा डोक्यावर असेल बघ. … होता ना? वाच.

मजुरी साडेसहाशे. … तेल. … फिल्टर. … हां, पुढे. … "इंजिन अंतर्गत स्वच्छता." … हं. … पुढचं परत वाच. … "एसी जंतुनाशक फवारणी." आत्या, दोन नंबरच्या गाडीला एसी आहे? … नाही, मी विचारतेय नुसतं. … पंखा आहे. काचेला चिकटवलेला. … मग त्यांनी काय फवारलं आणि कुठे? … तेल-फिल्टर सोडून एकूण किती झाले? … सतराशे ऐंशी.

… मी काही म्हणत नाहीये. 

… हं. … हं. … नाही, पटलं मला. ते लबाड निघाले म्हणून आम्ही आपोआप सरळ ठरत नाही. बरोबर आहे तुझं. मग आमचंच तपास. एकेक ओळ विचार.

… तेलावर? डब्यावर छापलेली किंमतच लावतो, आम्हाला दुकानदार थोडं कमी करून देतो, तेवढं सुटतं. … चकती? तेल सोडायच्या बुचाखालची ना, तांब्याची. दर वेळी नवी घालावी लागते, नाहीतर बूच पाझरतं. … चाळीस लावलेत? थांब, खरेदीची पावती बघते. … … बाराला मिळते. … हो. बाराची चकती चाळीसला. …  हे गैर आहे. आज खोडते. … पुढे विचार.

… ड्रायव्हर स्वतः करतो म्हणतो? … व्हिडिओ बघून? करू दे की. गाडी उचलणार कशी? … जॅकवर? एकट्या जॅकवर टेकवलेल्या गाडीखाली माणूस पाठवू नकोस, आत्या, हे मी दराचं म्हणून नाही सांगत. … आणि जुनं तेल कुठे ओतेल? … बघ. इथे त्याचं पिंप आहे, महिन्याला गोळा करणारा येतो.

… सांगते. वेळ लिहिलेली आहे माझ्याकडे. … हो, घड्याळ लावून! तीन आठवड्यांत अशा नऊ गाड्या झाल्या, सरासरी अठ्ठेचाळीस मिनिटं. रॅम्पवर घेऊन उचलायला चार. इंजिनाखालचा पत्रा काढायला सहा. दहा बोल्ट आहेत, त्यातले दोन कायम गंजलेले. तेलाची धार संपायला पाच. थेंब थांबायला बारा. मग फिल्टर, चकती, बूच, पत्रा परत, नवं तेल, इंजिन चालवून पातळी बघणं, सगळं मिळून एकवीस. … कर, बेरीज कर. … आले ना अठ्ठेचाळीस?

… टायरच्या हवेचे? हवेचे पैसे लावतच नाही. ब्रेकचं तेल बघतो, त्याचेही नाही.

… कसले बारा? … थेंबांचे. हो. … म्हणजे बघ, बूच काढलं की आधी धार लागते. मग धार तुटते आणि थेंब थेंब पडायला लागतं. ते थांबेपर्यंत आम्ही बूच लावत नाही. … मिस्त्रीकाका? मोजतात. … थेंब नाही, आकडे. एक थेंब पडला की एकपासून सुरू करायचं. पुढचा पडायच्या आत तीस झाले, तर लावायचं बूच. मधेच पडला की परत एकपासून. बाबांचा नियम आहे. इथे सगळेच मोजतात. मी पाचवीत असल्यापासून मोजतेय. … हो, चहा पितात. पण मोजतात.

… काय म्हणालीस? … वाट बघायचे पैसे.

… … थांब. हिशोब करतेय.

… अठ्ठेचाळीसातले बारा म्हणजे पाव. बाराशेचा पाव तीनशे. म्हणजे तुझं म्हणणं, तीनशे नुसते वाट बघण्याचे. … अगं पण जुनं तेल आत राहिलं तर नव्यात मिसळतं. त्याच्यात काजळी असते, धातूचा चुरा असतो… … किती राहतं?

… माहीत नाही.

… खरंच माहीत नाही. कधी मोजलं नाही. … हो, रसायनशास्त्रात पहिली आले होते. तू पेढे… तू सगळ्या गल्लीला सांगत सुटली होतीस, आठवतंय. तरी नाही मोजलं. घरातल्या गोष्टी कोण मोजतं?

थांब! आत्या, फोन ठेवू नकोस. मिस्त्रीकाका! पाच नंबरचं बूच काढलं? … आत्ताच? … धार आहे ना अजून? — आत्या, तुझीच गाडी रॅम्पवर आहे, तेल आत्ता गळतंय. मी मोजते. … आत्ता, तू फोनवर असतानाच. तुझ्या कागदाला पाऊण तास आहे. — काका, कपाटात वरच्या खणात माझं कॉलेजचं मोजपात्र आहे, काचेचं, उंच. … ते नाही. … अहो, ज्यात तुम्ही पेनं ठेवलीत तेच! काढा पेनं.

हां, आत्या. आता तू सांग. त्या बारा मिनिटांत किती तेल आलं, तर त्याचे पैसे घेणं तू रास्त मानशील? … नाही, तूच सांग. मी सांगितला तर मला सोयीचा आकडा सांगेन. … कपभर. कपभर म्हणजे किती? … कप सगळे सारखे नसतात! … आमच्या गॅरेजमधला? तोच ना, ज्यात तुला मागे चहा दिला आणि तू म्हणालीस, हा कप आहे की औषधाच्या बाटलीचं झाकण? … थांब, पाणी भरून मोजते. … … काठोकाठ, नव्वद मिलिलिटर. … ठीक, नव्वद. — काका, हे आतून कोरडं करा. अगदी कोरडं. नाही, त्या फडक्याने नको, कागदाने.

मग ऐक. नव्वद किंवा जास्त आलं तर आपले बाराशे बरोबर. तू त्या माणसाला परत पाठवायचं, पाचही गाड्या वर्षभर इथेच. … कबूल? … आणि कमी आलं तर आजपासून नऊशे. … फक्त तुला नाही. सगळ्यांना. फळ्यावर. … बाबांना न विचारता, हो. त्यांना मी सांगेन. … आणि कमी आलं तर गाड्यांचं काय करायचं ते तू ठरव. मी एका शब्दाने अडवणार नाही.

… तुला कसं दिसणार? नाहीच दिसणार. मी सांगेन तो आकडा. … हो, माझ्यावरच विश्वास ठेवावा लागेल. … मग झालं तर.

… तुटली! धार तुटली, आत्या. तीन वाजून चौदा. जुन्या तेलाचा ट्रे बाजूला काढून मोजपात्र खाली लावलंय, घड्याळ चालू.

… भराभर पडतायत अजून. … नाही, मधे वाचणार नाही. उचललं की एखादा थेंब बाहेर पडणार. शेवटी एकदाच. … चौकशी नको सारखी. भात शिजत नाहीये इथे.

… … काय? आजोबांचं? … नाही, बाबा कधी बोलले नाहीत. … दुकान माहीत आहे, सुटं तेल विकायचे, एवढंच. … हां. … माप उपडं धरून? गिऱ्हाइकाच्या बाटलीवर? … आणि मोजायचे. … तीसपर्यंत! … म्हणजे मापाला चिकटलेलं तेलसुद्धा गिऱ्हाइकाचं. … हं. … आणि तू आणि बाबा पायरीवर बसून त्यांच्याबरोबर मोजायचात. … तू सव्वीसनंतर एकदम तीस म्हणायचीस? आत्या, म्हणजे तेव्हापासूनच! … बाबा रडायचे? का? … "आकडे चोरले" म्हणून.

… … हो. … हो, माझ्याही लक्षात आलं. ते खायचं तेल होतं. शेवटचा थेंब गिऱ्हाइकाला हवा होता. इथला शेवटचा थेंब कुणालाच नकोय, पिंपात जातो. बाबांनी आकडा उचलला आणि जसाच्या तसा इंजिनाखाली आणून ठेवला. … तीसच का, वीस का नाही, असं मी त्यांना एकदा विचारलं होतं. म्हणाले, "तीस म्हणजे तीस."

… काय? परत बोल, मागे तुझी मशीनं वाजतायत.

… … आजोबा त्या तीस आकड्यांचे पैसे घ्यायचे नाहीत.

… थांब, घड्याळ बघते. 

… किती झाली? आठ मिनिटं. — काका, आकडा? … अकराला पडला. — अकरावर पडला, आत्या. अजून वेळ आहे.

… दुसरा फोन येतोय? घे ना, बोल त्यांच्याशी. मी थांबते. …

… … काका. ते काय करताय? … ट्रे का उचललात? … नाही. … थोडंसुद्धा नाही. … मला माहीत आहे तुमचा पगार कशातून निघतो. आत्ताच मी तिला तेच सांगितलं. … नाही काका, तिला दिसत नाही म्हणूनच नाही. ठेवा खाली. … अजून मागे. … चहा संपवा तुमचा, गार झाला. — हां, आत्या. … कधी आलीस परत? … ऐकलंस? … ऐकलंस तर ऐकलंस. … आत काही पडलं नाही, त्यांनी नुसता उचलला होता. … नको बोलूस त्यांना. वीस वर्षं झाली त्यांना इथे, बाबांच्या पाठीपेक्षा त्यांची पाठ जास्त वाकलीये.

… कोण आलंय? … आत्ताच? चार कुठे वाजलेत! … बसव त्याला. … सोफा नाही तर नाही, चादरींच्या गाठोड्यावर बसव. तेही मऊच असतं.

… दहा मिनिटं. … आता मीच मोजतेय. … बावीस. तेवीस. … पडला. … परत एक.

… … पंचवीस, सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस… पडला. … नाही, आत्या. अठ्ठावीस म्हणजे अठ्ठावीस. मी तुझ्यासारखी उडी मारणार नाही.

… मोजतेस माझ्याबरोबर? … मोज. पडला की सांगते. … पडला. एक. … दोन. … … चौदा. … हळू. घड्याळाबरोबर. … … तेवीस. … … सत्तावीस. … अठ्ठावीस. … एकोणतीस. … तीस. काका, बूच!

बारा मिनिटं, वर दहा सेकंद.

… थांब. सपाट जागा बघते. टेबल डुगडुगतंय, पायाखाली पुठ्ठा घालते. … घाई करू नकोस. त्याला म्हणावं, दोन मिनिटं. … वाकून बघायचं असतं, डोळा रेघेच्या उंचीवर. काठाशी तेल जरा चढतं, ते धरायचं नाही, मधली पातळी धरायची. … वाचली.

… परत वाचते.

… तोच आहे.

… काका, फळ्याजवळचं फडकं द्या. … ओलं करून. … हो. आणि खडू.

… आत्या, आहेस ना? … पेन घे. … त्याच्या कागदावर नको, दुसऱ्या कशावर तरी. … घेतलंस? लिही.

एक्केचाळीस मिलिलिटर.